सफरचंदाची थंडी आणि माणसाचं दुःख

॥ श्रीगुरवे नमः ॥



मागच्या महिन्यात आपल्या बऱ्याच कौटुंबिक ग्रुपवर एक मेसेज फिरला. बर्फात उभ्या असलेल्या झाडाचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं की कडाक्याची थंडी सोसल्याशिवाय सफरचंदाला फळ धरत नाही, तसंच देवाचं ज्याच्यावर प्रेम असतं त्यालाच तो दुःख देतो. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची ही मोठी रांग. लिहिणाऱ्याचं मन चांगलंच असणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो मेसेज ज्या एका ग्रुपवर पडला, त्यातल्या एका घरातला सव्वीस वर्षांचा मुलगा पंधराच दिवसांपूर्वी गेला होता. कुठलं केंद्र, कोण, ते सांगत नाही. त्याच्या आईने मेसेज वाचला आणि मला विचारलं, "वहिनी, म्हणजे हे माझ्या भल्यासाठी झालं का हो?"

असल्या प्रश्नाला फोनवर उत्तर देता येत नाही. मी जाऊन तिच्याजवळ बसले. पण प्रश्न तेव्हापासून डोक्यात आहे, आणि तो तिच्या एकटीचा नाही. आपण साधक मंडळी कोणाच्या घरी दुःख झालं की पटकन बोलून जातो: देव परीक्षा बघतो, सोनं तापल्याशिवाय उजळत नाही, जे होतं ते चांगल्यासाठी होतं. हे म्हणावं का? खरं तरी आहे का? उदाहरण सफरचंदाचं दिलंय, तर आपण सफरचंदाच्या झाडालाच विचारून बघू.

माझी लेक आणि जावई अमेरिकेत मिनेसोटा राज्यात राहतात, मिनियापोलिस शहराच्या कडेला. मागल्या खेपेला नातवाच्या निमित्ताने मी नोव्हेंबर ते मे तिथेच होते. घरामागे आपल्या दोन अंगणांएवढी जागा आहे. त्यात सफरचंदाची दोन झाडं, एक हनीक्रिस्प आणि एक हॅरलसन. एक आलुबुखार. आणि कुंपणाला लागून हेझलनटची तीन झुडपं. (आपल्याला हेझलनट फक्त चॉकलेटात भेटतो. तिथे तो चक्क कुंपणाला येतो आणि खारी आपल्याआधी नेतात.) सफरचंदं दोन जातींची का, तर सफरचंदाला आपल्याच जातीचा पराग सहसा चालत नाही, जवळपास दुसऱ्या जातीचं झाड लागतं. सगोत्र विवाह नको म्हणतात तसंच की, असं मी म्हटल्यावर जावई खूप हसले.

तर आता थंडी. सफरचंदाला थंडी लागते हे अगदी खरं आहे. पुढच्या वर्षीच्या फुलांच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच फांदीवर तयार होतात आणि पानगळीबरोबर झोपी जातात. थंडीचे ठरावीक तास भरल्याशिवाय त्या नीट जाग्या होत नाहीत. शेतीतली माणसं याला चिलिंग अवर्स म्हणतात. नेहमीच्या सफरचंदाला साधारण ८०० ते १००० तास लागतात, म्हणजे पस्तीस-चाळीस दिवसांची थंडी. इंदूरला हे तास भरतच नाहीत. म्हणून आपल्याकडे कोणी हौसेने थंड प्रदेशातलं रोप लावलं तर ते गोंधळतं. इथे एक डोळा फुटतो, तिथे एक, फुलं आली तर एकत्र येत नाहीत आणि फळ काही धरत नाही. मेसेजवाल्याचं इथवर बरोबर.

पण हे तास कोणत्या थंडीचे, ते त्याने विचारलं नाही. शून्य ते सात अंश सेल्सिअसमधले तास मोजतात. शून्य ते सात म्हणजे काय, तर आपल्या फ्रिजमधली थंडी, जिच्यात आपण दूध आणि कोथिंबीर ठेवतो. शून्याखालचा गारठा या मोजणीत धरतच नाहीत. जानेवारीत तिथे पारा उणे २५ पर्यंत उतरलेला मी पाहिला. नाकातलं पाणी गोठतं, दाराची कडी उघड्या हाताने धरवत नाही. त्या रात्रीचे बारा तास झाडाच्या खात्यात शून्य जमा होतात. झाडाचा हिशेब भरतो तो पानगळीच्या सुमाराला आणि पुन्हा बर्फ वितळायच्या दिवसांत, सौम्य थंडीत. कडाक्याची थंडी झाडाला काही देत नाही. ती फक्त काढायची असते.

आणि लागणारी थंडीसुद्धा प्रत्येकाला सारखी नाही. इस्रायलमध्ये तयार झालेली अ‍ॅना, बहामा बेटांवरची डोर्सेट गोल्डन या जातींना दोन-तीनशे तास पुरतात. आपल्या देशात हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यात, सफरचंदाच्या मानाने खालच्या आणि गरम भागात, हरिमन शर्मा यांनी अशीच एक जात वाढवली, तिला एचआरएमएन-९९ म्हणतात. ती आता मैदानी प्रदेशातही लावतात. म्हणजे थंडी जितकी जास्त तितकं फळ गोड, असा काही नियम नाही.

मला विचाराल तर फ्रिजएवढ्या थंडीसारखी माणसाच्या आयुष्यातली गोष्ट म्हणजे उपास, मौन, चातुर्मासातला एखादा नेम, पहाटे उठणं. गुरूंनी शिष्याचा वकूब बघून दिलेली, मोजकी, मुदतीची. तिने माणूस आतून तयार होतो हे आपण सगळ्यांनी थोडंफार अनुभवलंय. पण तरुण मुलगा जाणं ही त्या हिशेबातली थंडी नव्हे. दोघांना एकच शब्द लावला की घोटाळा सुरू होतो.

दुसरं असं, की झाड उणे २५ काढतं कसं? ते एका रात्रीत नाही जमत. ऑगस्टपासून दिवस लहान होत जातात तशी झाड वाढ थांबवतं. पानं गळतात. पेशींमधलं पाणी हळूहळू पेशींच्या बाहेर सरकतं, आत साखर वाढते, म्हणजे आत बर्फाचे काटे होऊन पेशी फुटत नाहीत. गारठा थोडा थोडा वाढत गेला तरच हे होतं, आणि त्याला आठवडेच्या आठवडे लागतात. म्हणूनच तिथले जाणते लोक पावसाळी-उन्हाळी खत घालायचं ते जुलैच्या आत संपवतात, आणि हिवाळ्याच्या तोंडावर छाटणी करत नाहीत. उशिरा कोवळी फूट आली तर तिला कडक व्हायला वेळ मिळत नाही.

तयारीआधी थंडी आली तर काय होतं, त्याचं उदाहरण तिकडे अजून सांगतात. ११ नोव्हेंबर १९४० ला अमेरिकेच्या मधल्या भागात मोठं हिमवादळ आलं. त्याआधीचे दिवस उबदार होते, सकाळी माणसं साध्या कपड्यांत घराबाहेर पडली होती. काही तासांत पारा धाडकन कोसळला. दीडशेच्या आसपास माणसं गेली. मिनेसोटाच्या शेजारच्या आयोवा राज्यातल्या सफरचंदाच्या बागा मेल्या त्या मेल्या, पूर्वीसारख्या पुन्हा उभ्या राहिल्याच नाहीत. त्याच झाडांनी तसाच गारठा जानेवारीत कितीतरी वेळा काढला होता.

फार लांब जायलाच नको. काश्मीरमध्ये सगळ्यात कडक थंडीच्या चाळीस दिवसांना चिल्लई कलां म्हणतात. तो २१ डिसेंबरला सुरू होतो, मग वीस दिवसांचा चिल्लई खुर्द, मग दहा दिवसांचा चिल्लई बच्चा. थंडीलासुद्धा मुदत आणि नाव. त्या काळातला बर्फ बागांना चांगलाच असतो. पण ७ नोव्हेंबर २०१९ ला तिथे मोठा बर्फ पडला तेव्हा झाडांवर अजून पानं होती, काहींवर फळंही. पानांवर बर्फ साचला आणि त्या भाराने फांद्या मोडल्या, झाडं मधोमध फाटली. ज्या झाडाला फळावर यायला दहा-दहा वर्षं लागली, ते एका दुपारीत गेलं. आता या शेतकऱ्याला कोणी जाऊन सांगेल का, की थंडीशिवाय सफरचंद येत नाही?

आणि फुलांचं बघा. जे झाड जानेवारीत उणे ३० सोसून उभं असतं, त्याचीच उमललेली फुलं मे महिन्यात उणे ४ ला जवळजवळ सगळी मरतात. उणे २ ला साधारण दहातलं एक फूल जातं, त्याखाली दोन अंश उतरलं की दहातली नऊ. झाड तेच. वेळ वेगळी. २०१२ मध्ये मिशिगन राज्यात मार्च महिना भलताच उबदार निघाला. झाडांना वाटलं वसंत आला, सगळी फुलली. एप्रिलमध्ये नेहमीसारखे पहाटेचे गारठे आले आणि त्या वर्षीचं जवळपास नव्वद टक्के सफरचंद गेलं. एप्रिलमधली थंडी काही विशेष नव्हती. मार्चमधली ऊब अवेळी होती.

कोणी म्हणेल, ताई, पण दुःखातूनच माणसं मोठी झालेली दिसतात, त्याचं काय? दिसतात ना. मीही पाहिली आहेत. पण जी उभी राहिली तीच आपल्याला दिसतात.

मिनेसोटातच पीटर गिडियन नावाचा माणूस होऊन गेला. १८५०च्या दशकात तो मिनेटोंका तळ्याकाठी येऊन राहिला. त्या वेळी त्या मुलखात सफरचंद जगत नाही असंच सगळे म्हणत. तो वर्षामागून वर्षं झाडं लावत राहिला, हजारोंनी लावली, आणि हिवाळ्यामागून हिवाळे ती मरत गेली. शेवटी हातात आठ डॉलर उरले. हिवाळा तोंडावर, अंगावर धड कोट नाही, घरात बायको-मुलं. त्याने त्या आठ डॉलरचं बियाणं आणि कलमाच्या काड्या दूर मेन राज्यातून मागवल्या आणि जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून स्वतःसाठी कोट शिवला. त्या बियांतून एक झाड जगलं. त्या जातीला त्याने बायकोचं नाव दिलं, वेल्दी. पुढे ती जात देशभर गेली.

ही गोष्ट ऐकून लोक म्हणतात, बघा, कष्टाचं फळ. मला त्यात मेलेली हजारो झाडं दिसतात. थंडीने त्यांना कणखर केलं नाही. आणि जे जगलं ते थंडीमुळे जगलं असंही नाही. त्याच्या बीजातच काही होतं, आणि एक माणूस स्वतः कुडकुडत त्याच्या पाठीशी उभा होता. ती वेल्दीबाई काय म्हणत असेल ते मात्र कोणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही!

लेकीच्या अंगणातल्या हनीक्रिस्पची हकीकतही अशीच आहे. ही जात मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ मध्ये लोकांसाठी आणली आणि आज तिकडे तिला केवढा भाव आहे. पण तिचं मूळ झाड थंडीने मार खाल्ला म्हणून टाकून द्यायच्या यादीत गेलं होतं. डेव्हिड बेडफर्ड नावाच्या संशोधकाच्या लक्षात आलं की झाडात खोट नाही, त्याला जागाच वाईट मिळाली होती. म्हणून त्याने ते ठेवून घेतलं. आपण मात्र कोणी दुःखाने कोलमडलं की लगेच म्हणतो, साधना कमी पडली.

आता शास्त्राकडे येऊ, कारण कुंतीचं नाव कोणीतरी काढणारच. कुंतीने भगवंताकडे संकटं मागितली, कारण संकटात त्याचं दर्शन होतं. बरोबर. पण भागवताच्या पहिल्या स्कंधातला तो आठवा अध्याय पुरा वाचा. कुंतीने मागितलं ते स्वतःसाठी. पाची मुलं झोपेत मारली गेलेली द्रौपदी तिथेच होती. कुंतीने तिच्याकडे वळून हे म्हटलं नाही. आणि त्याच अध्यायात, कुंतीच्या स्तुतीच्या आधी, उत्तरा धावत येते, तिच्या गर्भावर अस्त्र सुटलेलं असतं. भगवंत तिला संकटाचे फायदे सांगत नाहीत. ते गर्भाभोवती आवरण घालून त्याला राखतात.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायातही भगवंत अर्जुनाला थंडी आणि उष्णतेचं नाव घेऊन सांगतात की या गोष्टी येतात आणि जातात, त्या सोस. तितिक्षा म्हणतात तिला. सोस म्हटलंय, ते तुझ्या हिताचं आहे म्हणून आनंद मान असं तिथे म्हटलेलं नाही. प्रारब्ध मी नाकारत नाही. गुरूंवर श्रद्धा आहे तशी कर्माच्या नियमावरही आहे. पण दुसऱ्याचं प्रारब्ध वाचायचा चष्मा आपल्यापैकी कोणाला मिळालाय? पाच-दहा वर्षांनी ती आई स्वतः म्हणाली की या दुःखाने मला अमुक दिलं, तर ते ऐकताना मी हात जोडीन. तिच्याआधी ते वाक्य उच्चारायचा हक्क मला नाही, तुम्हालाही नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

मग करायचं काय? लेकीकडे सहा महिने मी हेच बघत होते. थंडी देणं माळ्याच्या हातात नाही, तिच्याबद्दल झाडाला व्याख्यान तो देत नाही, पण त्याला कामं भरपूर असतात. मुळांवर पालापाचोळा आणि लाकडाच्या भुश्शाचं आच्छादन घालायचं, मात्र खोडाला टेकू द्यायचं नाही, नाहीतर उंदीर घर करतात. खोडाभोवती तारेची जाळी लावायची, कारण भुकेले ससे बर्फावर उभे राहून साल कुरतडतात, आणि साल गोल फिरून पुरती गेली की झाड गेलंच. बर्फ साचत जातो तसा सशाचा हातही वर पोचतो, म्हणून जाळी उंच हवी. रोप लावतानाच उताराच्या तळाशी लावायचं नाही, गार हवा पाण्यासारखी खाली वाहत येऊन तिथे साचते.

एक काम मला पहिल्यांदा उलटं वाटलं. नोव्हेंबरात जावयांनी सफरचंदांच्या खोडांना पांढऱ्या पट्ट्या गुंडाळल्या. मला वाटलं उबेसाठी. (आपल्याकडे रस्त्याकडेच्या झाडांना गेरू-चुना लावतात, तसं काही असेल, असंही वाटलं.) ते म्हणाले, ऊब लागू नये म्हणून. हिवाळ्यात दुपारचं तिरकं ऊन खोडाच्या नैर्ऋत्य बाजूवर पडतं, तिथली साल तापते, पेशी जाग्या होतात, आणि सूर्य गेला की तासाभरात गोठून मरतात. साल उभी फाटते. पांढऱ्या रंगावरून ऊन परततं, झाड झोपलेलं राहतं.

हे मला फार पटलं. दुःखी माणसाला आपण उपदेश करतो तसाच अवेळी उत्साहही देतो. आता रडू नको, बाहेर पड, सेवेत मन रमव, दुसऱ्या लेकराकडे बघ. चांगल्या हेतूनेच देतो. पण तिची झोपायची वेळ असेल. ती महिना-दोन महिने सत्संगाला आली नाही तर येऊ नये. माळ हातात घ्यावीशी वाटली नाही तर न घेवो. तिच्या गैरहजेरीची चर्चा केंद्रात होऊ नये, एवढी पांढरी पट्टी आपण गुंडाळू शकतो.

आणि जेव्हा ती स्वतःहून थोडी फुलेल, तेव्हा खरा पहारा हवा. मे महिन्यात आलुबुखार नुकताच फुलला होता आणि दोन रात्री गारठ्याचा इशारा आला. लेकीने माझ्याकडच्या दोन जुन्या सुती साड्या घेतल्या, संध्याकाळी झाडावर जमिनीपर्यंत पसरल्या, म्हणजे जमिनीची ऊब आत राहते, आणि सकाळी ऊन आल्यावर काढल्या, मधमाश्यांना वाट हवी म्हणून. इंदूरच्या बाजारातली साडी मिनेसोटाच्या आलुबुखारावर! नातू टाळ्या पिटत होता. मोठ्या झाडाला हे जमत नाही, तिथे पाळी येते ती येते. लोक सांत्वनाला येतात ते पहिल्या तेरा दिवसांत. वर्षभराने ती पहिल्यांदा हसते, लग्नाला जाते, त्या सुमाराला मुलाचा वाढदिवस येतो, आणि तेव्हा जवळ कोणी नसतं.

एप्रिलमध्ये हॅरलसनची एक फांदी अगदी काळी दिसत होती. मी म्हटलं, कापून टाका. लेक म्हणाली, आई, थांबायचं असतं. तिने नखाने साल जराशी खरवडली, आत हिरवी रेघ दिसली. पानं फुटेपर्यंत कुठली फांदी गेली आणि कुठली राहिली ते बाहेरून कळत नाही, म्हणून थंडीने मारलेल्या झाडाची छाटणी घाईने करत नाहीत. त्या फांदीला पुढे पानं आली, फुलं नाही आली. तिने ती ठेवली आहे.

आपल्या केंद्रात डब्याची वही आहे हे नव्या मंडळींना माहीत नसेल. ज्या घरी मृत्यू झालाय, तिथे आपण तेरा दिवसांनंतरही तीन महिने एक वेळचा डबा पोचवतो. सध्या दोन घरं आहेत. सोमवार, मंगळवार आणि गुरुवार भरले आहेत, बुधवार आणि शनिवार रिकामे आहेत. पोळी-भाजी पुरे, तिखट कमी, एका घरी साखर चालत नाही. डबा दारात द्यायचा, ती माणसं या म्हणाली तरच आत जायचं, आणि रिकामा डबा परत मागायचा नाही. नावं सेवेकऱ्यांकडे रविवारपर्यंत कळवा.

— आपली एक सेविका, इंदूर